जुन्या कर्जाच्या वसुलीचे फोन परत परत येतात, ते का आणि ते थांबवायचे कसे

लक्षण साधारण असं. नंबर अनोळखी, बोलणारा पोरगा विशीतला, मराठी अर्धी आणि हिंदी अर्धी. २००८ किंवा २०११ साली तुम्ही अमुक बँकेचं कर्ज घेतलं होतं, आज व्याजासकट दोन लाख चाळीस हजार झालेत, संध्याकाळपर्यंत निम्मे भरलेत तर बाकीचे माफ, असं तो सांगतो. तुम्ही चिडून फोन ठेवता. चार-सहा महिने शांततेत जातात. मग दुसऱ्या एजन्सीचा दुसरा पोरगा, रक्कम आणखी फुगलेली, आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

नोकरीतली बरीच वर्षं मी सांगलीत एका बँकेच्या वसुली खात्यात काढली, म्हणजे हे फोन करायला लावणाऱ्यांच्या बाजूला होतो. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक अशाच नोटिसा घेऊन येतात. मिरजेचे, तासगावचे, विट्याचे, अलीकडे कराडचेही. बहुतेकांच्या मोबाईलवर एक मेसेज आलेला असतो: 'तीन वर्षं झाली की कर्ज संपतं, घाबरू नका.' तो अर्धा खरा आहे. आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत तर अर्ध्याहूनही कमी खरा आहे, कारण इथलं जुनं कर्ज बऱ्याचदा पतसंस्थेचं, विकास सोसायटीचं किंवा सातबाऱ्यावर बोजा चढवलेलं असतं, आणि त्यांच्या वसुलीचा दावा करायची मुदत निराळ्या पद्धतीनं मोजतात.

फोन परत का येतो

बँका थकलेली कर्जं गठ्ठ्यानं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. या कंपन्या वसुली एजन्सीला काम देतात आणि एजन्सीला जमेल त्या रकमेवर कमिशन मिळतं. कंत्राट संपलं की तीच एक्सेल यादी पुढच्या एजन्सीकडे जाते. तुम्ही आधीच्या पोराला जे सुनावलंत ते त्या यादीत कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून फोनवर कितीही भांडलात तरी उपयोग शून्य. हरकत पोचायला हवी ती कर्जाच्या आजच्या मालकाकडे, लेखी, पोहोच घेऊन.

आणखी दोन गोष्टी इथंच सांगतो. बँकेनं कर्ज 'राइट ऑफ' केलं म्हणजे माफ केलं असं नसतं. तो तिच्या ताळेबंदातला व्यवहार आहे, वसुलीचा हक्क तसाच राहतो. आणि कर्ज दुसऱ्याला विकलं म्हणून मुदत नव्यानं सुरू होत नाही. २०१२ ला थकलेलं कर्ज २०२३ मध्ये कंपनीनं विकत घेतलं, तर तिला २०१२ चंच घड्याळ मिळतं.

पहिल्या फोनवर काय बोलायचं

जवळजवळ काहीच नाही. नाव, कंपनी, कोणाच्या वतीनं बोलताय आणि पत्ता विचारा. 'जे काही आहे ते लेखी पाठवा' म्हणा आणि फोन ठेवा. 'हो, घेतलं होतं, पण परिस्थिती नव्हती' हे वाक्य माणुसकीचं असलं तरी त्या फोनवर नको. जन्मतारीख, आधार, पॅन, नवा पत्ता यातलं काही देऊ नका. समोरचा खरोखर वसुलीवाला आहे की फसवणूक करणारा, हेही तुम्हाला अजून कळलेलं नसतं.

आता ते प्रसिद्ध वाक्य: 'काका, फक्त पाचशे टाका, फाईल क्लोज करतो.' पाचशेंनी फाईल क्लोज होत नाही. तो पाचशे का मागतो ते समजून घ्या, कारण यात खूप गोंधळ आहे.

मुदतीचा कायदा १९६३ चा. त्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत संपायच्या आत कर्जदारानं सही करून लेखी कबुली दिली तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. कलम १९ मध्ये हप्ता भरल्याचं तेच, त्या भरण्याची नोंद मात्र कर्जदाराच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. दोन्ही कलमांत 'मुदत संपायच्या आत' ही अट आहे. मुदत आधीच संपली असेल तर नुसते पाचशे भरल्यानं मेलेली मुदत जिवंत होत नाही. पण पाचशे भरताना जो फॉर्म पुढं येतो, त्यावर 'उर्वरित रक्कम मी भरीन' असं छापलेलं असतं. करार कायदा १८७२, कलम २५ चं पोटकलम ३ सांगतं की मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन हा नवा वैध करार आहे. पोराला पाचशेत रस नसतो, त्या सहीत असतो. ती सही आता कागदावरच लागते असंही नाही. लिंक उघडून ओटीपी टाकला की तीही सही ठरवता येते. व्हॉट्सॲपवर 'पुढच्या महिन्यात थोडे देतो' लिहिलंत तर तेही उद्या तुमच्यासमोर ठेवलं जाईल. आगाऊ तारखेचा चेक तर मुळीच देऊ नका. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, पण चेक वटला नाही की फौजदारीचं दार उघडतं.

कर्ज कोणाचं, त्यावर मुदत ठरते

बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं विनातारण कर्ज, क्रेडिट कार्ड, हातउसने पैसे, प्रॉमिसरी नोट यांवर दावा करायला तीन वर्षं. हप्त्यांचं कर्ज असेल तर करारातल्या शेवटच्या हप्त्याच्या तारखेपासून धरून बघा, म्हणजे हिशेब आपल्याच विरुद्ध कडक होतो आणि गाफील राहणं होत नाही. मध्ये कधी बँकेच्या बाकी-कबुली पत्रावर सही केली होती का, ते आठवा. पूर्वी शाखेत दर दोन-अडीच वर्षांनी शिपायाकरवी ते पत्र घरी पाठवायची पद्धत होती, आणि लोक न वाचता सही करायचे.

करोनाचा काळ यात विसरू नका. सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. समजा, शेवटचा हप्ता ३० जून २०१८ चा. सरळ मोजलं तर मुदत ३० जून २०२१ ला संपते. पण १५ मार्च २०२० ला सव्वा वर्षाहून थोडी जास्त मुदत शिल्लक होती, ती १ मार्च २०२२ पासून पुढं मोजायची, म्हणजे जून २०२३ च्या मध्यापर्यंत दावा चालला असता. २०१८-१९ च्या आसपास थकलेल्या कर्जांत हा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो.

घर किंवा जमीन गहाण असेल तर त्या मिळकतीवरून पैसे वसूल करण्याच्या दाव्याला बारा वर्षं आहेत.

मुदत गेली म्हणजे दावा करण्याचा मार्ग बंद होतो, देणं पुसलं जात नाही. सुप्रीम कोर्टानं १९९२ च्या एका निकालात, जामीनदारानं तारण ठेवलेली मुदत ठेव बँकेनं मुदतबाह्य कर्जात वळती केली, ते योग्य ठरवलं होतं. तेव्हा ज्या बँकेचं जुनं थकीत आहे त्याच बँकेत ठेव ठेवून 'मुदत गेली' म्हणत बसू नका.

दावा दाखल झालाच, तर मुदतीच्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे मुदतीचा मुद्दा तुम्ही काढला नाही तरी कोर्टानं तो बघायचा असतो. कायदा असा आहे खरा, पण त्याच्या भरवशावर तारखेला गैरहजर राहणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

पतसंस्था आणि सोसायटी: इथं तीन वर्षं विसरा

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ९२. सभासदाकडून संस्थेचं येणं असेल, तर वाद दाखल करण्याची मुदत कर्जाच्या तारखेपासून मोजत नाहीत. सभासद वारला किंवा त्याचं सभासदत्व संपलं, त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे कर्ज १९९८ चं असलं आणि तुम्ही आजही त्या पतसंस्थेचे सभासद असाल, तर मुदत अजून सुरूच झालेली नाही. शेअर्सची पावती कपाटात पडली आहे म्हणजे तुम्ही सभासद आहात. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो, पण आता कळलेलं बरं.

त्यातून संस्थेला कोर्टाच्या पायऱ्या चढायचीही गरज नसते. कलम १०१ खाली ती सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडे अर्ज करते, तिथून वसुली दाखला मिळतो आणि कलम १५६ च्या अधिकारात वसुली अधिकारी जप्ती-लिलावापर्यंत जाऊ शकतो. गावात याला नुसतं '१०१ चा दाखला' म्हणतात. दाखला देण्यापूर्वी निबंधक कार्यालयाची नोटीस येते आणि म्हणणं मांडायला तारीख मिळते. सगळा खेळ त्या तारखेला आहे. तिथं खातेउतारा मागा, भरलेल्या पावत्या लावा, व्याजाचा दर कर्जरोख्यात किती आणि लावला किती ते दाखवा, दंडव्याजावर हरकत घ्या. एकदा दाखला निघाला की कलम १५४ खाली दोन महिन्यांत फेरतपासणी अर्ज करता येतो, पण त्यासाठी दाखल्यातल्या वसूलपात्र रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. नोटिशीच्या तारखेला बिनपैशाचं झालं असतं ते काम नंतर लाखात जातं. त्याच्याही पुढं हायकोर्ट. ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीकरांना त्यासाठी मुंबईऐवजी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, एवढीच सोय.

संस्था मल्टिस्टेट असेल तर हा रस्ता नाही, तिथं लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा माणूस, नेमतात. नावाच्या पाटीवर 'मल्टिस्टेट' लिहिलेलं असतं, ते आधी बघा.

विकास सोसायटीच्या पीककर्जाची आणखी एक गंमत. आपल्याकडं मार्चअखेर 'नवं-जुनं' करतात. जुनं कर्ज कागदावर भरलं, त्याच दिवशी नवं उचललं. शेतकऱ्याच्या हातात दमडी येत नाही, पण दरवर्षी नव्या कागदावर नवी सही होते. '२००६ चं कर्ज' म्हणून सांगितलं जातं ते कागदावर २०१५ चं असू शकतं. सोसायटीत जाऊन शेवटचं नवं-जुनं कोणत्या साली झालं ते विचारा, तीच तुमच्या कर्जाची खरी तारीख. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात इकराराचा, म्हणजे जमीन तारण लिहून दिल्याचा, बोजा असेल तर त्याचा फेरफार क्रमांक लिहून घ्या. फेरफारात रक्कम आणि तारीख दोन्ही सापडतात.

आणि कर्जमाफी तपासा. २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. २०१९ च्या योजनेत आधार प्रमाणीकरणाची पावती मिळत होती. माफी मिळाली, पण सोसायटीच्या खतावणीत व्याजाचं शेपूट राहिलं आणि तेच दहा वर्षांनी वाढून पुढं आलं, असंही पाहिलं आहे.

कोर्टाचा हुकूमनामा आधीच झालाय का?

ही तपासणी लोक वगळतात आणि मग अडकतात. मुदतीचा प्रश्न दावा दाखल होईपर्यंतचा. दावा मुदतीत दाखल होऊन हुकूमनामा, म्हणजे पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल, झाला असेल तर त्याच्या बजावणीला बारा वर्षं मिळतात. 'कर्ज २००९ चं, मग कसली वसुली' असं म्हणणाऱ्याच्या नावावर २०१४ चा हुकूमनामा निघतो आणि २०२५ मध्ये त्याच्या बजावणीची दरखास्त दाखल झालेली असते.

माणसाला पत्ता कसा लागत नाही, असं कुणी विचारेल. खानापूर-आटपाडीकडं या. घरटी एक माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, कुणी तमिळनाडूत, कुणी उत्तर प्रदेशात. समन्स येतं गावच्या पत्त्यावर, घराला कुलूप, बेलीफ दाराला चिकटवून जातो. पाटण-जावळीची मुंबईत असलेली मंडळी तशीच. दावा एकतर्फी चालतो आणि संपतो. मग पेन्शनीसाठी गावी परतलेल्या माणसाच्या दारात थेट जप्तीची नोटीस.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जिल्हा निवडा, पक्षकाराच्या नावानं शोधा. वर्ष द्यावं लागतं, म्हणून थकल्यापासूनची एकेक वर्षं टाकत जा. प्रलंबित आणि निकाली दोन्ही बघा. आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाका, कारण नोंद करणाऱ्यानं काय लिहिलं असेल याचा नेम नाही. जामीनदार असलात तर मूळ कर्जदाराच्या नावानंही शोधा. एकतर्फी हुकूमनामा सापडला तर तो रद्द करण्याच्या अर्जाला तीस दिवस असतात. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर ते तुम्हाला हुकूमनामा समजल्यापासून मोजतात. तेव्हा 'समजलं' त्या दिवशी वकील गाठायचा, दिवाळीनंतर नाही.

फायनान्स कंपन्यांच्या करारात लवादाचं कलम असतं. लवादाची नोटीस चेन्नईची असो की दिल्लीची, उत्तर द्या. लवादालाही मुदतीचा कायदा लागू आहे आणि कंपनीनं एकटीनंच नेमलेल्या लवादावर हरकत घेता येते. पण निवाडा झाला की तो हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो.

लोकअदालतीची नोटीस

राष्ट्रीय लोकअदालत जवळ आली की पोस्टमनच्या पिशवीत या नोटिसांचा गठ्ठा असतो. वर विधी सेवा प्राधिकरणाचं नाव, खाली 'दाखलपूर्व प्रकरण'. बघून म्हातारी माणसं घाबरतात, पोलीस येणार म्हणतात. दाखलपूर्व म्हणजे दावा अजून झालेलाच नाही. तिथं गेला नाहीत तर तुमच्याविरुद्ध कसलाही आदेश होत नाही. जायला हरकतही नाही, उलट बँकेचा अधिकारी तिथं समोरासमोर सापडतो आणि कागद मागता येतात.

धोका पुढं आहे. तिथं तडजोडीवर सही झाली की तो निवाडा होतो, त्याला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही. मुदत उलटलेलं पंधरा वर्षांपूर्वीचं देणं त्या एका सहीनं अगदी ताजं होतं. माझ्या मते लोकअदालत ही चांगली सोय आहे, पण ज्याला द्यायचंय आणि किती द्यायचं ते घरून ठरवून आलाय त्याच्यासाठी. मंडपातल्या गर्दीत, 'काका, आजच्या दिवसच ही ऑफर' ऐकत ठरवायची ती गोष्ट नव्हे.

वडिलांचं कर्ज, मित्राचं जामीनपत्र

वारसाची जबाबदारी वडिलांकडून जे आलं तेवढ्यापुरतीच. जमीन-घर काही आलंच नसेल तर तुमच्या पगारातून वडिलांचं कर्ज वसूल करता येत नाही. आलं असेल तर त्या मिळकतीच्या मर्यादेत येतं. एजन्सीवाला मुलाकडून 'मी जबाबदारी घेतो' असं लिहून घ्यायला बघतो, ते लिहून दिलंत तर ते कर्ज तुमचं झालं. वडील पतसंस्थेचे सभासद असतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला आता मुदतीचा पुरावाही आहे, कारण कलम ९२ चं घड्याळ तिथून सुरू होतं.

जामीनदाराची गोष्ट वाईट. कायद्यात त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि 'मूळ कर्जदाराकडे जमीन आहे, आधी त्याला विचारा' हे म्हणणं सहसा टिकत नाही. मागणी केल्यावर भरीन असं जामीनपत्र असेल तर मुदत त्या मागणीपासून धरली जाऊ शकते. जामीनपत्राची प्रत वाचल्याशिवाय या बाबतीत कुणीही काही सांगू नये, मीही नाही.

कागद पुरात गेले असतील तर

कृष्णेच्या २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या कित्येक घरांतल्या पावत्या, पासबुकं, कर्जरोखे लगदा झाले. २०२१ ला परत तेच. 'आम्ही भरलं होतं, पण पावती नाही' म्हणणाऱ्यानं हात टेकू नयेत. ज्या खात्यातून भरलं त्या खात्याचा उतारा बँकेकडून लेखी अर्जानं काढा. साखर कारखान्यानं उसाच्या बिलातून सोसायटीची कपात केली असेल तर कारखान्याच्या शेती विभागात त्या हंगामाची बिलं निघतात. द्राक्ष-हळदीच्या पट्टीतून अडत्यानं परस्पर भरणा केला असेल तर त्याच्या वहीत नोंद असते. पगारातली कपात असेल तर आस्थापनेकडून कपातीचं विवरण. आणि मुख्य म्हणजे कर्ज आहे हे सिद्ध करणं मागणाऱ्याचं काम आहे. पूर त्याच्याही शाखेत शिरला असेल.

पत्र

हे पत्र कर्जाच्या आजच्या मालकाला, म्हणजे बँक किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, आणि एक प्रत एजन्सीला. स्पीड पोस्टानं, पोहोच पावती मागून. जुनं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय. मजकूर एवढाच:

'आपण दि. ____ रोजी माझ्याकडे कथित थकबाकीची मागणी केली आहे. सदर मागणी मला मान्य नाही. या पत्रातील कोणताही मजकूर देण्याची कबुली समजू नये. माझ्या सहीचा मूळ कर्ज करार, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, शेवटच्या भरण्याची तारीख व पुरावा, कर्ज आपणाकडे वर्ग झाल्याचा दस्त, तसेच हुकूमनामा, लवाद निवाडा अथवा वसुली दाखला असल्यास त्याची प्रत १५ दिवसांत वरील पत्त्यावर पाठवावी. मुदतीसह सर्व कायदेशीर हरकती मी राखून ठेवत आहे. यापुढील संपर्क लेखी करावा. माझ्या नातेवाइकांशी अथवा शेजाऱ्यांशी संपर्क साधू नये.'

यात परिस्थितीची रडगाणी घालू नका, आजारपण सांगू नका, 'मुलाच्या शिक्षणामुळे भरू शकलो नाही' तर नकोच नको, ती सरळ कबुली आहे. मुदत कधी संपली याचा तुमचा हिशेबही त्यांना आत्ता देऊ नका. उत्तर येत नाही, असं बरेचदा होतं. विकत घेतलेल्या जुन्या कर्जांचे कागद कंपनीकडेच अपुरे असतात. पुढच्या एजन्सीचा फोन आला की या पत्राची तारीख आणि पोहोच क्रमांक सांगायचा, पत्राचा फोटो पाठवायचा, बाकी चर्चा नाही. दोन-तीन फेऱ्यांत यादीतल्या तुमच्या नावापुढं 'विवादित' अशी खूण पडते आणि कमिशनवाल्याला अशा नावावर वेळ घालवणं परवडत नाही.

दमदाटी होत असेल तर

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास, निनावी धमक्या या सगळ्याला मनाई आहे आणि एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेवर आहे. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाला वेळ आणखी कमी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. दारात आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलंच पाहिजे. आधी ते मागा, फोटो काढा, मग उंबऱ्याच्या आत घ्यायचं की नाही ते ठरवा.

तक्रार आधी बँकेकडे, तीस दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, माहितीसाठी १४४४८. पतसंस्थेला मात्र लोकपाल लागू नाही. तिथं तालुक्याचे सहाय्यक निबंधक आणि जिल्हा उपनिबंधक. मारहाणीची धमकी असेल तर थेट पोलीस ठाणं. 'डिजिटल अरेस्ट', 'सायबर सेलमधून बोलतोय, कर्जासाठी वॉरंट निघालंय' अशी भाषा आली की तो वसुलीवाला नाही, चोर आहे. १९३० ला कळवा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन १५१००.

सावकाराचं जुनं देणं निघालं असेल तर रस्ता वेगळा. परवाना नसलेल्या सावकाराला २०१४ च्या कायद्यानं पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि व्याजापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मात्र खरेदीखत होऊन पंधरा वर्षं उलटली असतील तर अवघड.

भरायचंच ठरवलं तर

मुदत गेली असली तरी काहीजण भरतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. सोसायटीचं सभासदत्व हवं असतं, सातबारा कोरा करायचा असतो, किंवा घेतलेत तर द्यावेत एवढंच मनात असतं. फक्त क्रम उलटा करू नका. आधी एकरकमी परतफेडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, 'ही रक्कम भरल्यावर काहीही बाकी राहणार नाही' या वाक्यासह. मग भरणा थेट कर्जखात्यात, एजंटच्या फोनपेवर नाही. मग बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला. तो घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून बोजा कमी करण्याचा अर्ज, आणि नवा फेरफार मंजूर झाल्याची खात्री. घराची मूळ कागदपत्रं बँकेकडे असतील तर पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पतसंस्थेला तो लागू नाही.

सिबिल या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तसाच एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांचाही. चारही काढा, कारण चुकीची नोंद एकात असते आणि दुसऱ्यात नसते. तडजोडीनं भरलं तर 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढचं कर्ज देणारा अधिकारी तो शेरा बघतो. तेव्हा सूट किती घ्यायची हे ठरवताना पुढच्या दोन-चार वर्षांत घरकर्ज काढायचंय का ते घरात विचारा. नोंदच चुकीची असेल तर त्या कंपनीकडं ऑनलाइन हरकत घ्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायला हवी. ती मागितल्याशिवाय येत नाही, म्हणून हरकतीच्या अर्जातच तुमच्या बँक खात्याचा क्रमांक भरून ठेवा.